सांग-उकच्या गालावरची थप्पड

४ मार्च, सकाळी
पटकथा झाली. लेखक मी, दिग्दर्शक मी, नायक मी. खलनायक एक गर्विष्ठ दिग्दर्शक, जो स्वतःच लिहितो आणि स्वतःलाच क्लोजअप देतो. हुबेहूब प्यो सांग-उक. कॉलेजात माझ्या एक वर्ष मागे होता. त्याच्या गेल्या सिनेमात त्याने माझा रोल कापून फक्त पाठ ठेवली. आईने थिएटरात पाठीवरून ओळखलं. आता शेवटच्या सीनमध्ये नायक त्याच्या थोबाडीत मारतो, भर स्टुडिओत. सोडणार नाही.

९ मार्च
खलनायकाचा रोल कोणी घेईना. निर्मात्या बांग हे-रानबाई म्हणाल्या, सांग-उकलाच विचारा, तोही मुळात नटच. आधी भडकलो. मग डोक्यात प्रकाश पडला. खरा गाल! स्क्रिप्ट लगेच पाठवली.

१५ मार्च
सांग-उकचा निरोप. दादा, वाचून रडलो, मुहूर्ताला येतो, तिथेच बोलू. म्हणजे घाबरला. उजव्या हाताला मालिश सुरू. बायकोने विचारलं, खांदा दुखतोय का. हिला काय सांगायचं.

२१ मार्च, दुपारी
शूटिंगच्या मुहूर्ताची पूजा. सगळे ज्याच्यासमोर वाकतात ते डुकराचं मुंडकं मी स्वतः निवडलं, चांगलं हसरं, म्हणजे सिनेमा चालतो. बरोबर मुंडक्याच्या मागे उभा राहिलो, म्हणजे सांग-उक वाकला की मलाच वाकणार. वाकला. कपाळ चटईला टेकवून. फोटो काढून घेतला.
मग मुंडक्याच्या तोंडात दक्षिणेचं पाकीट खोचून त्याने माझे दोन्ही हात धरले. सगळ्या युनिटसमोर म्हणाला, दादा, स्वतःबद्दल इतकं निर्दयपणे लिहायला छाती लागते. त्या दिग्दर्शकाचा रोल तुम्हीच करा. नायक मी करतो.
मी बांगबाईंकडे पाहिलं. त्या तोंडातला तांदळाचा केक गिळून म्हणाल्या, आम्हाला वाटलं, तो तुम्हीच आहात हे तुम्हाला माहीत आहे. मेकअपवालीसुद्धा मान हलवत होती. सांग-उक नायक असेल तरच पैसे लावणारे तयार आहेत, म्हणे. नाहीतर सिनेमा बंद.

२२ मार्च
पूर्ण विचार करून हो म्हटलं. ही माझीच खेळी. एडिटिंग माझ्या हातात आहे. त्याची पाठसुद्धा ठेवणार नाही.

१८ एप्रिल, संध्याकाळी
थपडेचा सीन. सांग-उकचा हात उठेना. म्हणे, वडीलधाऱ्या माणसाला कसं मारू. दर टेकआधी वाकून माफी मागायचा आणि गालाला नुसती बोटं लावायचा. युनिटमधल्या बायकांचे डोळे पाणावले. सीन साफ खोटा दिसत होता. शेवटी दिग्दर्शक म्हणून मलाच ओरडावं लागलं, जोरात मार.
मारली.
कॅमेरामन म्हणाला, आत्ता कुठे खरी वाटली. मॉनिटरवर पाहिलं. थप्पड उत्तम आहे, पण माझा चेहरा फोकसमध्ये नाही. पुन्हा घ्यायला सांगितलंय.