डाव्या कुशीतलं दुखणं

प्रिय श्रीमंतदादा,

लातूरला परत आलेय. फार वेळ बसवत नाही, म्हणून पाठीला उशी लावून थांबत थांबत लिहितेय. फोनवर तू "बरी हाय ना?" एवढं विचारतोस आणि ठेवून देतोस.

हैदराबादला ऑपरेशन झालं, रोबोटनं. आपल्या मेसला जेवणाऱ्या नीटच्या क्लासच्या पोरींना त्याचं कोण कौतुक! मला मात्र टेबलावर झोपताना रडू फुटलं. माणसाचा हातच लागणार नाही का आपल्याला? डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातलं यंत्र दाखवलं. म्हणाल्या, "मैं वहाँ बैठती अम्मा, उसके हाथ मेरेच हाथ हैं." पोटावर चार बारीक भोकं, बस्स. पण थकवा असा, की भाकरीचा वाससुद्धा नको वाटतो. मेसचा स्वयंपाक सध्या लेकच बघते. पुनम दमते बिचारी.

हे दुखणं तुला माहीतच आहे. डावी कूस धरून मी लोळायची, ओकायची. आई म्हणायची, "भूकंपात शिरमंतानं हिसकून काढली, तवाच पोरीच्या आत कायतरी तुटलं." मी आठ वर्षांची, तू पंधराचा. घराचं मातीचं माळवद अंगावर आलेलं, अण्णा त्यातच गेलेले. तू कमरेला धरून ओढलंस. बाप गेल्यावर दुसरं होतं कोण ओढायला? आई रागानं नाही, दुःखानं बोलायची. पण मरेपर्यंत बोलली. मी कूस धरली की तू उठून बाहेर जायचास. मग दूर लोह्याला राहायला गेलास, आणि भाऊबीजेलाही येईनास.

डॉक्टरीणबाईंना मीही भूकंपाचंच सांगितलं. त्यांनी आम्हा नवराबायकोला फोटो दाखवला. माझ्या दोन्ही किडन्या खालून जोडलेल्या, घोड्याच्या नालेसारख्या. डावीची नळी तोंडाशीच आवळलेली, म्हणून लघवी तुंबायची आणि कळ यायची. तेवढा भाग कापून नळी पुन्हा शिवली. "ये पैदाइशी है," त्या म्हणाल्या, "भूकंप का इससे कुछ लेना-देना नहीं." मी परत विचारलं. ओढल्यानं तर नाही ना झालं? त्यांनी मान हलवली. नाही. मी जन्मालाच अशी आले.

दादा, एवढंच सांगायला लिहायला बसले. फोनवर तू ऐकून घेतलं नसतंस. तुझ्या हातून काही तुटलं नाही रे. आई असती तर आधी तिला सांगितलं असतं. आता भाऊबीजेला तूच ये. मला ओवाळायला उभं राहता आलं नाही, तर बसून ओवाळीन.

तू ओढलंस म्हणून जिवंत असलेली,
तुझीच महानंदा