एका तासाचा उपास

२ फेब्रुवारी, रविवार

– मी गुडघे बाजूला घेतले, आणि रांग मला घासून वेदीकडे गेली. चर्चच्या बाकावर मी एकटी. बारा वर्षं हेच. नवऱ्याचं नाव श्रीमंत, तो हिंदू; लग्न कोर्टात, चर्चचा आशीर्वाद नाही – म्हणून मिस्सेच्या उपासनेला यायचं, पण ख्रिस्तप्रसाद, वेदीवरची ती पवित्र भाकर, घ्यायचा नाही. पंगतीत बसायचं, पान मात्र मांडलेलं नाही.

मिस्सेनंतर फादर चेतन यांनी हाक मारली. हातात पाकीट. नाशिकहून बिशपांची परवानगी आली!

"सोळा तारखेला. आधी लग्नाला आशीर्वाद, मग पावणेआठची मिस्सा. ख्रिस्तप्रसाद त्याच मिस्सेत."

भिंगारच्या बाजारातून पळत घरी आले. चाळिशीची बाई, कॉलेजात मराठी शिकवणारी – पळत!

३ फेब्रुवारी

श्रीमंत गॅरेजमधून काळ्या हातांनीच चर्चमध्ये कागदांवर सही करायला आला. "एकाच बाईशी दोनदा लग्न. सत्कार करा माझा, फादर."

घरी सांगितलं. सासूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. "परत लगीन? मंग पयलं काय खोटं हुतं?" आणि पुन्हा भाकरी थापू लागल्या. पहिल्या लग्नाच्या दिवशी त्या बेलापूरला भावाकडे निघून गेल्या होत्या.

९ फेब्रुवारी

रांग आजही घासून गेली. शेवटची!

१५ फेब्रुवारी

पापनिवेदन केलं. बारा वर्षांचं, वीस मिनिटांत. फादर म्हणाले, "ख्रिस्तप्रसादाआधी एक तास काही खायचं नाही, लक्षात आहे ना?" बारा वर्षं काढली, तासाचं काय! वर्गात फळ्यावर 'भूक' लिहिलं आणि पुढचं वाक्य विसरले. पोरं हसली.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्रमाने लिहिते.

श्रीमंतने मोटारसायकल सुरू केली. मी उंबऱ्यात.

"थांब गं." मागे सासूबाई. हातात वाटी – दही-साखर. चमचा माझ्या तोंडाशी. "चांगल्या कामाला निघालीस. आ कर."

बारा वर्षांत त्यांनी मला एक घास भरवलेला नाही. मी आ केला. थंड, गोड. गिळलं.

सात बावीस. ख्रिस्तप्रसाद सव्वाआठला येणार. तासाला सात मिनिटं कमी!

आशीर्वाद झाला. श्रीमंत "हो" इतक्या मोठ्याने ओरडला, की मागची लहान मुलंही हसली. मी मनात – फादर, आज प्रवचन लांबवा! त्यांनी चार मिनिटांत आटोपलं. पुढच्या गावची मिस्सा होती.

रांग सुरू झाली. मी उठले. रांगेत मी! समोर फादर, त्यांनी ख्रिस्तप्रसाद उचलला. मी दोन्ही हात छातीवर आडवे घेतले – म्हणजे घेणार नाही, फक्त आशीर्वाद. त्यांचा हात हवेत थांबला. मग माझ्या डोक्यावर आला.

रडू येईल वाटलं होतं. बाहेर आले तर हसू आवरेना.

श्रीमंत भडकला. "पाच-सात मिनिटांनी काय होतं?"

"मी नियम जाणूनबुजून मोडायचा?"

"मग आईला नको म्हणायचं!"

"तू म्हणाला असतास?"

त्याने मोटारसायकलला किक मारली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

त्याने आईला सांगून टाकलं. त्या स्वयंपाकघरात आल्या, कमरेवर हात.

"उपास हुता तर तोंड न्हाई व्हय तुला? मलाबी सोमवार असतोय. कुनी भरवलं म्हून मोडते का मी?"

"आई, तुम्ही भरवत होता."

"म्हून काय झालं? येडी का खुळी तू!"

गेल्या. परत आल्या.

"आता परत कवा मिळतंय ते?"

"रोज मिळतं. सकाळी साडेसहाला मिस्सा असते."

"रोज?" त्या पाटावर बसल्या. "रोज मिळतंय, आन् तू बारा वर्सं..." या वेळी उठून गेल्या नाहीत. मी चहा टाकला. दोघी बसलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साडेपाचला सासूबाईंनी उठवलं. साडेसहाच्या मिस्सेला नऊ माणसं होती, सासूबाईंना धरून. मी ख्रिस्तप्रसाद घेतला.