टाकीबाहेर उभं राहण्याची परीक्षा

ती. मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, मामीचं बीपी आणि तुम्हा दोघांची भांडणं, तिन्ही आटोक्यात असावीत. आम्ही इकडे मजेत. मामीकडून कळलं, की रविवारी इमारतीची जमिनीखालची टाकी साफ करायला तुम्ही स्वतः उतरणार आणि ती वर टॉर्च धरून उभी राहणार. त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. तुम्ही माझे गुरू. हे पत्र फक्त माझी फजिती कळवायला.

झालं असं, की टाक्यांत उतरण्यात बावीस वर्षं घालवल्यावर कारखान्याने मला टाकीत कसं उतरायचं ते शिकायला पाठवलं. दोन दिवसांचा वर्ग आणि शेवटी परीक्षा. नापास झालो तर टाक्या बंद, स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट निवडायचे. शिकवायला एक बाई, आमच्या थोरलीहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी विचारलं, आतली हवा चांगली आहे हे कसं ओळखता? मी ऐटीत तुमची पद्धत सांगितली: झाकण उघडायचं, डोकं आत घालायचं आणि दीर्घ श्वास घ्यायचा. बाई म्हणाल्या, "छान. मग तुम्हाला बाहेर कोण काढतं?" (मामा, मी तुमचं नाव सांगितलं नाही. तेवढी गुरुनिष्ठा आहे माझ्यात.) मग त्यांनी वरूनच आत सोडायचा मीटर दाखवला. प्राणवायू कमी झाला तर नाकाला पत्ताही लागत नाही, आणि बरेच दिवस बंद असलेल्या साध्या पाण्याच्या टाकीतही तसं होऊ शकतं, हे मी वहीत दोनदा लिहून घेतलं.

परीक्षेत मला वरचा पहारा दिला. काम एवढंच, की तोंडाशी उभं राहायचं आणि आतल्या माणसाशी बोलत राहायचं. आत गेला आमच्यातलाच एक लठ्ठ वेल्डर, आणि ठरल्याप्रमाणे (म्हणजे मला सोडून सगळ्यांचं ठरल्याप्रमाणे) मध्येच गप्प झाला. मी दोन हाका मारल्या आणि सरळ आत उतरलो. मी त्याला काखेत धरून ओढतोय, त्याला गुदगुल्या होतायत, बेशुद्ध माणूस खो खो हसतोय, आणि वरून बाई शांतपणे म्हणतायत, "दोघंही मेलात. चहाला या." चहा पिताना मी हुज्जत घातली, की माणूस खाली पडलेला असताना नुसतं वर उभं राहणं माझ्याच्याने होणार नाही. बाई एवढंच म्हणाल्या, की टाकीत जीव गमावणाऱ्यांत असे पुष्कळ असतात, दुसऱ्याला काढायला उतरलेले.

दुसऱ्या खेपेला मी शिट्टी वाजवली, मदत मागवली आणि टाकीच्या तोंडावरच्या तिपाईचा रहाट फिरवून वेल्डरला अंगावरच्या दोर बांधलेल्या पट्ट्यासकट वर घेतलं. पाय सारखे आत जायला बघत होते, पण पास झालो. प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय. बायको म्हणते, नुसतं बाहेर उभं राहिल्याबद्दल कागद मिळवणारे तुम्हीच. मी मात्र जाम खूश आहे.

तुमचा,
आता कागदोपत्रीही लायक भाचा

ता. क. रविवारी मीटर, पट्टा आणि दोन शिकलेली माणसं घेऊन येतोय. तोवर झाकणाला हात लावू नका.

ता. क. २. तुम्ही ऐकणार नाही हे माहीत आहे, म्हणून काल मामीला फोनवर परीक्षेतला प्रश्न विचारला: खालून मामांचा आवाज येईनासा झाला, तर काय करशील? म्हणाली, उतरेन, आणखी काय करणार. तसं करायचं नसतं हे नीट समजावून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तीनदा विचारलं, मामा. तिन्ही वेळा नापास झाली.