दाजींच्या ढोलाची फिल्म

एश, लक्झेंबर्ग
जूनचा दुसरा रविवार, चर्चमधून आल्यावर

माझ्या थोरल्या, शहाण्या (दोन इयत्ता शिकलेल्या) देओलिंदाताईस धाकट्या फेलिस्मिनाचा नमस्कार.

देवमातेच्या कृपेने इकडे सगळे बरे आहोत. गुडघा सोडून, पण तो कधीच बरा नसतो, म्हणून त्याला धरत नाही. तुझा दमा, तुझ्या कोंबड्या आणि दाजी कसे आहेत ते याच क्रमाने कळव. पत्र माझी नात सोराया लिहिते आहे. मी सांगेन ते सगळं लिहीन असं तिने कबूल केलंय, पण तिचा धंदाच कापाकापीचा, तेव्हा माझा फारसा भरवसा नाही.

सोरायाची फिल्म अजून का आली नाही म्हणून तू फोनवर तीनदा विचारलंस. तुझा जीव टांगणीला लागलाय हे मला कळत नाही का? पंधरा ऑगस्टला, देवमातेच्या सणाला, चौकात पडदा लावून गेल्या वर्षीची मिरवणूक दाखवणार, आणि ती बघून कमिटी ठरवणार की दाजींचा ढोल दाजींकडेच ठेवायचा की अध्यक्षांच्या पुतण्याच्या गळ्यात घालायचा. एकोणसाठ वर्षं एकच माणूस, एकच ढोल, आणि त्या अध्यक्ष आर्मिन्दोने भर बैठकीत म्हणावं, ‘काका, तुमची काठी पडेपर्यंत मिरवणूक चर्चमध्ये पोचलेली असते!’ यावर दाजींनी गप्प बसायचं, तर टेबलावर मूठ आपटून ‘फिल्म बघा आणि मग बोला’ म्हणाले. (मूठ तरी वेळेवर आपटली का, ते तू सांगितलं नाहीस.)

तर उशीर का झाला ते ऐक. फिल्म कापायला म्हणे एक पडदा पुरत नाही. एकावर फिल्म चालते, दुसऱ्यावर तिचे तुकडे पसरलेले असतात, जसे तू डुक्कर कापल्यावर ओट्यावर पसरतेस. सोरायाने कुणाकडून तरी जुना मॉनिटर आणला. त्याची केबल लॅपटॉपात जाईना. दुसरी आणली, ती लॅपटॉपात गेली पण मॉनिटरात जाईना. तिसरी दोन्हीकडे गेली, तेव्हा मॉनिटरने एकदा निळा उजेड पाडला आणि प्राण सोडला. मी त्याच्यावर बकल्यावचं, खाऱ्या माशाचं, भांडं ठेवलं होतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. (सोराया म्हणते, आहे.) मग ती माझ्या टीव्हीकडे बघायला लागली. मी ती नजर ओळखते. आपले बाबा सणाच्या आधी कोंबड्याकडे असंच बघायचे.

झालं. माझा टीव्ही जेवणाच्या टेबलावर गेला, माझी सातची मालिका बंद पडली, आणि त्यातली ती नर्स त्या विधुर डॉक्टरला हो म्हणाली की नाही, हे मला खालच्या मजल्यावर पार्लर चालवणाऱ्या ग्रासिएतकडून कळायला लागलं. ती प्रत्येक गोष्टीत स्वतःचं थोडं घालते.

आवाजाचं तर वेगळंच. मिरवणुकीचा आवाज एका यंत्रात, आणि दाजींचा ढोल लांबून नीट ऐकू येणार नाही म्हणून ढोलाच्या पट्ट्याला बांधलेला छोटा माइक वेगळा. त्या माइकने ढोल तर घेतलाच, शिवाय दोन तास दाजी आर्मिन्दोबद्दल तोंडातल्या तोंडात जे बोलत होते तेही घेतलं. ते सगळं पोरीने एकेक शब्द वेचून काढलं. मी शेजारी बसून मदत केली. हसले म्हणून मला स्वयंपाकघरात पाठवलं.

चित्र आणि आवाज जुळवायचे म्हणून सोराया पंधरा दिवस टीव्हीकडे बघून आवाज मागे-मागे सरकवत बसली. शेवटी टीव्हीवर सगळं झकास जुळलं. तिने नमुना म्हणून एक तुकडा आर्मिन्दोला पाठवला. त्याने तो मोबाइलवर बघितला आणि लगेच फोन केला. तुतारीवाले गाल फुगवतायत, गाल खाली बसतायत, आणि मग तुतारी वाजते! म्हणाला, ‘अगं पोरी, तू तर अख्ख्या बँडचा गाउदेन्सियो करून टाकलास!’ दाजींचं नाव असं घेऊन वर हसला. सोरायाचे डोळे भरून आले. मी फोन घेऊन त्याला त्याच्या आईची खुशाली विचारली, ती अशा आवाजात की त्याने फोन ठेवला.

दोष कुणी पकडला सांगू? मी. स्वयंपाकघराच्या दारातून लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही एकदम दिसतात. पाद्री पायरीवर ठेचकाळतात ना, ते आधी लॅपटॉपवर ठेचकाळले आणि मग, मला हातातला कोबी सावरण्याइतका वेळ गेल्यावर, टीव्हीवर. म्हटलं, ‘सोराया, हा पाद्री दोनदा का पडतो गं?’ ती पांढरी पडली. टीव्ही म्हणे प्रत्येक चित्र आधी नटवतो आणि मग दाखवतो. आपल्या इरमेलिंदावहिनीसारखं, दार वाजलं की आधी भांग पाडणार. पोरीने पंधरा दिवस त्या नटव्याच्या घड्याळावर सगळी फिल्म लावली होती. मग सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीचं नटणं बंद केलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा जुळवलं.

आता सगळे तालात आहेत. दाजीसुद्धा, अगदी तंतोतंत. आर्मिन्दोने पहिल्या रांगेत बसून बघावं. काळजी करू नकोस.

तुझी धाकटी,
फेलिस्मिना
(तिने सांगितलं, मी लिहिलं. सोराया.)

ता. क. टीव्ही अजून टेबलावरच आहे. येणाऱ्या कुणाबरोबर धुरावलेलं सॉसेज पाठव. इथलं रबरासारखं लागतं.

आणखी ता. क. अक्षर बदललेलं दिसेल. सोराया पाकीट आणायला गेली आहे, हे ग्रासिएत लिहिते आहे. हे कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन एकटीच वाच. टीव्ही सुधारल्यावर तुतारीवाले वेळेवर आले, झांजवाला आला, पाद्रीही एकदाच पडले. एकटे दाजीच वेळेवर आले नाहीत. पोरीने ते तीन दिवस पुन्हापुन्हा बघितलं. मग तो पट्ट्यावरच्या माइकचा आवाज जरासा पुढे ओढला. आता ढोल तालात वाजतो, पण काठी मागून पडते. म्हणून ढोल वाजला की सोराया काठी दाखवतच नाही, दाजींचा चेहरा दाखवते. तिला वाटतं, म्हातारीला काय कळतंय. मी अक्षर शिकले नाही, ताई, पण त्या ढोलावर नाचले आहे. आपल्या गावच्या पोरी अर्धं पाऊल उशिरा टाकायच्या, आणि बाहेरगावची पोरं येऊन आदळायची. माझा अबीलियो असाच आदळला होता. मी तिला काही बोलले नाही. तूही बोलू नकोस.

एकच काम कर. त्या दिवशी चौकात दाजींच्या उजव्या बाजूला बस आणि फिल्म संपेपर्यंत त्यांचा हात घट्ट धरून ठेव. नाहीतर ते मांडीवर ताल धरतील, तोही उशिरा, आणि आर्मिन्दो शेजारीच असेल. लोक म्हणतील, या वयात काय हे. म्हणू देत. आणि पडद्यावर त्यांचा चेहरा नीट बघ. ढोल वाजतो ना, तेव्हा ते डोळे मिटतात. एवढ्या वर्षांत तू त्यांच्या काठीकडेच बघत आलीस.