नाव न घेतलेला निरोप

माय, तू गेलीस तेव्हा आपल्या गावात एकही फोन नव्हता. मामाला खबर द्यायला माणूस सायकलने गेला, आणि मामा पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. आज त्याच गावात ज्याच्या घराचं दार धड लागत नाही त्याच्याही खिशात फोन आहे, आणि तुझं पोरगं फोनवरच जगतं. फुलचूरच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. आधी रेडिओ दुरुस्त करायचो, मग पीसीओ टाकला, मग रिचार्ज, मग मोबाइलची दुरुस्ती. सातवीत शाळा सुटली याचं तुला वाईट वाटायचं, पण मला जे आलं ते कानाने आलं. रेडिओ नुसता घूं करत असला तरी आत काय मेलंय ते झाकण उघडायच्या आधी कळायचं. गिऱ्हाईक म्हणायचे, "ये तो डॉक्टर होते होते रह गया."

पहिला रेडिओ तूच आणला होतास. रेंजर साहेबांच्या घरी भांडी घासायचीस, त्यांनी फेकायला काढलेला. पदराखाली झाकून आणलास, जणू चोरीचा आहे. बा म्हणाला, "बंद पडलेलं कायले घरी आणतं?" तू चुलीवरचा भाताचा गंज उतरवत म्हणालीस, "बंद आहे म्हून तं देल्ला. चालू असता तं कोण देते?" त्यावर बा बराच वेळ हसला होता. बा तुझ्या बोलण्यावर हसायचा, आणि तू कधी त्याचं नाव घ्यायची नाहीस. आपल्याकडच्या बायका घेतच नव्हत्या. घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, एवढंच माहीत.

त्याच्यावरूनच लिहायला बसलो आहे. बाला खोकल्याचं औषध आणायला आपण दोघं दवाखान्यात जातो. मी आठ-नऊ वर्षांचा. खिडकीतला बाबू विचारतो, "पेशंटचं नाव?" आणि तू मला कोपराने ढोसतेस. हे माझं काम ठरलेलं. मी पुढे होऊन बाचं नाव सांगायचं, बाबूने लिहायचं. एकदा मला खोडी सुचते. मी गप्प राहतो. बाबू पुन्हा विचारतो. तू म्हणतेस, "याच्या बापाचं." बाबू म्हणतो, "अरे बाई, याच्या बापाले काही नाव आहे का नाही?" रांगेतले लोक हसतात, मीही हसतो. तू खिडकीच्या गजाला धरून उभी राहतेस आणि काहीच बोलत नाहीस. त्या गप्प राहण्याला एक आवाज होता, माय. श्वास घेतला जातो, जीभ टाळूला लागते, आणि तिथेच थांबते. शेवटी मी नाव सांगितलं.

घरी आल्यावर मार बसेल असं वाटलं होतं. तू मारलं नाहीस. रात्रीच्या पेजेसाठी तांदूळ निवडत बसलीस आणि सुपातून नजर न काढता म्हणालीस, "ज्याले बोलता येत नाही त्याची मजा कायले घेतं रे? तुले समजत होतं ना मी काऊन थांबली ते?" मी म्हणालो, "हो." तू म्हणालीस, "मंग?"

आता माझ्या कामाचं सांगतो. एका संस्थेने चार वर्षांपूर्वी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक मशीन बसवलं. गावातल्या माणसाने आमच्या नंबरवर मिस कॉल द्यायचा, मशीन उलटा फोन करते, त्याचे पैसे पडत नाहीत. मग त्याने आपली अडचण आपल्या बोलीत सांगायची. झाडी, गोंडी, पोवारी, हिंदी, काहीही. आम्ही ऐकतो, लिहून घेतो आणि ज्या कचेरीचं काम असेल तिथे पाठवतो. हातपंप बंद, रेशनचा तांदूळ आला नाही, गुरुजी येत नाहीत. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी कालव्याला कधी सुटणार, हेही लोक आमच्या फोनवर ऐकतात आणि त्या हिशोबाने धानाच्या बांधीत उतरतात. पूर्वी ते विचारायला माणसाचा एक दिवस जायचा. खरं सांगतो माय, या कामाचा मला फार अभिमान होता. माझ्यासोबत एक गोंड बाई बसते, गोंडी तिलाच समजते. ती लोकांना सांगते, "आमचे भाऊ कोंबडं आरवलं का गाव ओळखतात." कोंबड्यावरून नाही, पण मागे पिठाची चक्की कोणती चालू आहे यावरून मी दोन-चार गावं खरंच ओळखतो.

सुरुवातीला पोरं टवाळी करायची. कोणी सरपंचाच्या बैलासाठी स्थळ विचारायचे. म्हणून नियम केला की ज्याचं काम त्याचं नाव सांगायचं, आजाराचं असेल तर आजाऱ्याचं. नाव नसेल तर तो निरोप 'अपूर्ण'मध्ये. त्या नंबरवरून पुढे आलेले निरोपही तिथेच जातील, आणि महिनाअखेरी आम्ही त्या लोकांना फोन करून विचारू. हा नियम माझ्या डोक्यातला. संस्थेच्या साहेबांना फार आवडला.

गेल्या पावसाळ्यात, धानाचा रोवणा जोरात असताना, नागपूरहून आणि दिल्लीहून साहेब लोक काम बघायला आले. त्यांना दाखवायला मी निरोप स्पीकरवर लावत होतो. ऐकला, लिहिला, पाठवला. ऐकला, लिहिला, पाठवला. साहेब घड्याळ बघून माना डोलावत होते. मग एका बाईचा आवाज आला. "पोरीचा बाप बिमार हाये. टीबीच्या गोळ्या सरल्या. दोन हप्ते झाले, कोणी आणून देल्ल्या नाई." गाव सांगितलं. मग म्हणाली, "नाव..." आणि थांबली. श्वास घेतला, जीभ टाळूला लागली. पाठीमागे पावसाचा आवाज येत राहिला. दिल्लीच्या साहेबांनी विचारलं, "लाइन कट गई क्या?" मी हसून म्हणालो, "हां सर, नेटवर्क. जंगल का इलाका है." आणि 'अपूर्ण'चं बटण दाबलं. गोंड बाई शेजारीच होती. हळूच म्हणाली, "भाऊ, परत लावू का?" मी म्हणालो, "राहू दे."

साहेब गेले. चहा, फोटो, कौतुक, यात तो दिवस गेला, आणि नंतर मी विसरलो. विसरलो, असंच म्हणतो.

त्या बाईने आणखी तीनदा फोन केला. तिन्ही निरोप मशीनने बरोबर माझ्या नियमाप्रमाणे त्याच पेटीत टाकले. महिनाअखेरी गोंड बाईने ते ओळीने ऐकले आणि हेडफोन काढून माझ्यासमोर ठेवला. "हे बाई फोन कापत नाही, भाऊ. नवऱ्याचं नाव घेत नाही ते." आम्ही लगेच उलटा फोन केला. तो बंद होता. तिच्या गावच्या गोळ्या उपकेंद्रात पडून होत्या. कोणासाठी, एवढंच तिथे कळायला हवं होतं. गोळ्या गाडीत घेऊन आम्ही दोघं गेलो. गावात विचारत विचारत तिचं घर सापडलं, तर अंगणात पाच-सहा माणसं बसली होती. दहावा दिवस होता.

डॉक्टर म्हणतात, रोग फार पुढे गेला होता, वाचलाच असता असं नाही. मी ते स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

ती बाई माझ्यापेक्षा वयाने बरीच लहान. तिने आम्हाला खाट टाकून दिली, पाणी दिलं. मी विचारलं, "बाई, तू स्वतः दवाखान्यात काऊन नाही गेली?" ती म्हणाली, "त्यायले टाकून कशी जाऊ? पोरगी आश्रमशाळेत. अन् मागं हातपंप बंद पडला होता, तं तुमच्या फोननं आठ दिवसांत दुरुस्त झाला. म्हटलं, गोळ्या बी येतीन." मग आत जाऊन दवाखान्याचं कार्ड घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. "याच्यावर लिवलं आहे ना नाव. फोन लावला का मी हे हातातच धरून ठेवो." मला ते कार्ड हातात घेववेना. गोंड बाईने घेतलं आणि वाचलं.

आता आमचं मशीन वेगळं बोलते. नाव सांगायचं नसेल तर कोणाचे कोण ते सांगा, घर कुठे ते सांगा, आम्ही माणूस पाठवतो. बायकांचे फोन वाढले आहेत. नागपूरच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, तेव्हा म्हणालो, मशीनमध्ये एक उणीव होती, ती आम्ही दूर केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोंड बाई मागच्या रांगेत बसली होती. तिने टाळी वाजवली नाही, आणि आजपर्यंत त्यावरून मला एका शब्दाने बोलली नाही. रोज येते, हेडफोन लावते, काम करते.

त्या बाईलाही मी तेच सांगितलं होतं, माय, तिच्या अंगणात बसून. म्हणालो, मशीननं चूक केली. तिने मान हलवली आणि उलट मलाच म्हणाली, "मशीनले काय समजते, भाऊ. तुम्ही जिवाले लावून घेऊ नका."

मला समजलं होतं. पहिल्याच वेळी, स्पीकरवर, साहेबांसमोर. हे तिला सांगायला गेल्या रविवारी निघालो. कालव्याच्या पुलापर्यंत गेलो, गाडी बंद करून जरा वेळ बसलो, आणि परत आलो. तिचा फोन आता चालू आहे, नंबर माझ्यापाशी आहे. आणि मी इथे बसून तुला लिहितो आहे, जिला वाचता येत नव्हतं.