अक्काने भरलेली बाटली

रवि. ११ मे १९५८. वलगावच्या पुढे, थोरल्या बहिणीच्या गावी.
अक्काच्या कुसुमचे लग्न १९ला. शेजारच्या खेड्यात पटकीने दोघे गेले, म्हणून आरोग्य खात्याचा माणूस लग्नघराच्या विहिरीत लाल औषध टाकणार. अक्का फणफणली, "अकोल्याचं वऱ्हाड येऊन राहिलं, अन् पंगतीत लाल पानी वाढू का?" म्हटले, आधी पाणी तपासून घेऊ. बाटली उकळून घे, एवढे तिला बजावले. ती भरून आणेपर्यंत मी ओसरीवर छापील मंगलाष्टकांतले संस्कृत दुरुस्त करीत बसलो. सात चुका.

मंगळ. १३. अमरावती.
प्रयोगशाळेच्या डॉक्टरांकडे. आधी पटकीच्या रुग्णाकडचा थेंब दाखवला. भिंगाखाली स्वल्पविराम, शेकडो, सैरावैरा. म्हटले, मासोळ्याच की. "नव्हे, पंडित. मासोळीने शेपूट थांबवली तरी ती थोडी पुढे सरकते. हा थांबला की जागीच थांबतो. इतक्या लहान्याला पाणी म्हणजे काकवी. आतड्यावरचा बुळबुळीत थर तर त्याहून दाट. तोही पार करतो, शेपूट वळवीत वळवीत."
मग आमच्या विहिरीचे पाणी, काल पोचवलेले, जंतू वाढवायच्या रसात दिवसभर ठेवलेले. काहीच हलेना. अक्काच्या धाकाने असेल, मी म्हणालो. डॉक्टर हसले नाहीत. "विहिरीचं पाणी इतकं सोवळं नसतं. आणखी एकदा आणा."

शुक्र. १६
बातमी छापून आली. 'विहीर निर्दोष.' वार्ताहर मीच. दुसरी बाटली न्यायची राहिली.
दुपारी अक्काकडे. औषधवाल्याला कात्रण दाखवून परतवून लावले. सायकलवर टांग टाकताना म्हणाला, "मंग कागदच प्या, साहेब." मी कात्रण घडी घालून खिशात ठेवले.

सोम. १९
लग्न लागले. चार पंगती. ऊन असे की तांब्यामागून तांबे. कुसुम दिवसभर उपाशी. बोहल्यावरून उतरली आणि तीन पेले एका दमात.

मंगळ. २०
वऱ्हाड सकाळी बडनेऱ्याहून गाडीने गेले. कुसुमही. चहा घेताना अक्काला चिडवले, तुझ्या विहिरीत डॉक्टरांना एक जीव दिसला नाही.
"दिसन कसा? गाळलं, खळखळ उकळलं, थंड केलं, मंग भरलं."
"बाटली उकळ म्हणालो होतो, अक्का."
"तेबी केलं. पन डाक्टरले कच्चं पानी कोनी देते का, नाना? काय म्हनन तो आपल्याले?"
मी हसू लागलो. अर्ध्यातच उठून विहिरीवर गेलो.
पोहरा स्वतः टाकला. बाटली स्वतः भरली.

गुरु. २२
डॉक्टरांनी भिंगासमोरची खुर्ची सोडली. पाहिले. आहेत. एकाची गती दुसऱ्यासारखी नाही, पण थांबलेला एकही नाही.
अकोल्याला कुसुमच्या सासरी तार केली. गावात लाल औषध पडले, तोवर दोन घरी जुलाब सुरू. औषधवाला माझ्याकडे पाहतही नाही. अक्का विचारते, "काहून रे, आता काहून टाकलं?" सांगितले नाही. दोष तिचा नाही. पन्नाशीला आलेल्या मला पन्नास पावले विहिरीपर्यंत चालवली नाहीत.
तारेला उत्तर नाही.

शुक्र. २३. अकोला.
पहिल्या गाडीने आलो. कुसुमच्या घराला कुलूप. कडीत माझी तार खोचलेली, न फोडलेली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काल सकाळीच टांगा आला ना, भाऊ. दवाखान्यात गेले सारे."
कोणाला नेले?
"चादर होती वरून. मले नाई दिसलं. दोघं होते, एवढं खरं."
दवाखान्याच्या पायरीवर हे लिहितो आहे. आत नर्सबाई कालपासून आलेल्या रुग्णांची नावे वाचते आहे, एकेक, सावकाश. आवाज इथवर येतो, नावे येत नाहीत. आत जाऊन ऐकावी लागतील. अजून उठलो नाही.