गिझरच्या सॉकेटवरचा ॲम्प

४ जानेवारी, सकाळ
या घरात कलेला काय किंमत आहे याची कुठेतरी नोंद राहावी, म्हणून लिहितो. मळवलीच्या आमच्या बंगल्यात जाड तीन पिनांचं सॉकेट एकच, आणि तेही बाथरूमच्या दाराशी, गिझरसाठी. माझ्या गिटारच्या ट्यूब ॲम्पचा प्लगही जाड तीन पिनांचा. म्हणजे एक तर आंघोळ, नाहीतर संगीत. माधवी म्हणाली, प्लग बदला, पाच मिनिटांचं काम. मी म्हणालो, तो दीनानाथने स्वतःच्या हाताने बसवलाय. ती म्हणाली, दीनानाथभाऊजी रोज आंघोळ करायचे.
बायकोशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ॲम्प बंद.

६ जानेवारी
दीनानाथला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तळेगावच्या गणपती ऑर्केस्ट्रापासून आम्ही दोघं गिटारवर. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. त्याच्या बायकोला, रजनीवहिनींना, अंतर देणार नाही, असं नातेवाइकांनी सांगून पाहिलं. तुझी बुलेट विकणार नाही, असंही कुणीतरी म्हणालं. कावळा उंबरावर ढिम्म. शेवटी मी पुढे झालो. म्हणालो, दिन्या, तुझा ॲम्प बंद पडू देणार नाही, आणि तुझी धून वर्षश्राद्धाला पुरी वाजवीन. कावळा सरळ खाली आला. वहिनींनी त्याच आठवड्यात ॲम्प माझ्याकडे पाठवला. माझ्या शब्दाला वजन आहे हे ऑफिसात अठ्ठावीस वर्षं कुणाला कळलं नाही, ते त्या कावळ्याला कळलं.
ती धून दिन्याची स्वतःची. लिहिलेली नाही, रेकॉर्ड केलेली नाही. आता ती एकट्या माझ्याकडे आहे. जबाबदारी मोठी आहे.
संकल्प: रोज तासभर रियाज. अर्थात आधी टोन, म्हणजे आवाजाचा पोत.

१० जानेवारी
ॲम्प घेऊन सोमाटण्याला आदिनाथकडे. हा कंपनीतून निवृत्त झालेला इंजिनिअर, आता लोकांचे ॲम्प उघडतो आणि शक्यतो मिटत नाही. म्हणाला, ॲम्प चांगलाय हो, पण फार सभ्य आहे. एक गेन स्टेज वाढवू, म्हणजे आवाज आणखी एकदा फुगेल, खालचा बेस आवळू, मग बघा. मला पटलं. दिन्याचं वाजवणं सभ्य होतं. त्याला श्रद्धांजली देताना तीच चूक पुन्हा कशाला?

१७ जानेवारी, दुपार
मॉडिफाइड ॲम्प घरी. माधवी पुण्याला, गिझर मोकळा. गेन दोनवर: गरम तेलात मोहरी टाकल्यासारखा, तडतडता पण माणसाळलेला. पाचवर: तळाचा आवाज पूर्वी गादीसारखा फुगायचा, तो आता मुठीसारखा येतो आणि लगेच मागे जातो. आठवर: बोरघाट उतरणारा लोडेड ट्रेलर, ड्रायव्हरसकट. एक तार छेडली की सूर संपायचं नावच घेत नाही. मी चहा करून आलो तरी होता.
एकच तार वाजवली. धून नंतर. टोन आधी अंगात मुरायला हवा.
मागच्या खोलीत राहणारी, बंगला सांभाळणारी अंबूबाई येऊन म्हणाली की भाऊ, मशीन बिघाडलंय का, कोंबड्या बिथरल्यात, लय धसका घेतलाय त्यांनी. तिला हाय-गेन समजावून सांगितलं. व्हय व्हय म्हणाली आणि कोंबड्या शेजारच्या आवारात सोडून आली.

१९ जानेवारी, संध्याकाळ
बाहेर धुकं, लोहगड दिसत नाही. ॲम्प चालू, गिटार अजून केसमध्ये. नुसती घरघर. मग त्या घरघरीखालून स्पष्ट आलं: हं.
दिन्याचं हं. स्टेजवर मी ट्यूनिंग करत बसायचो आणि तो गिटार मांडीवर घेऊन थांबायचा. घाई करायचा नाही. मध्येच एक हं. म्हणजे, कर तू सुरू, मी आहे.
ॲम्प बंद केला. व्होल्टेजचा प्रॉब्लेम असणार.

२४ जानेवारी
रजनीवहिनींचा फोन. मुकुलभाऊजी, जमतंय ना, म्हणाल्या, वर्षभर घरात तो सूर नाही, एकदा ऐकलं की मग मीही त्यांच्या वस्तू आवरायला लागेन म्हणते. मी म्हणालो, रियाज जोरात चालू आहे. शेजारी ॲम्प चालू होता. गिटार जोडलेली नव्हती. त्यातून टिण्ण असा आवाज आला.
प्रयोग म्हणून म्हणालो, रोज करतो. टिण्ण. वहिनी म्हणाल्या, छान घंटा आहे तुमच्याकडे.
आदिनाथला विचारलं. म्हणाला, काही नाही हो, आतला काचेचा व्हॉल्व्ह जुना झाला की मायक्रोफोनिक होतो. ऐकायला लागतो. गेन वाढवलाय, म्हणून जे ऐकतो ते बोलूनही दाखवतो. बदलून टाकू. मी नको म्हणालो. तो व्हॉल्व्ह दिन्याच्या वेळचा आहे. त्याऐवजी आणखी एक स्टेज टाकायला सांगितली. गेन भरपूर असला की असले किरकोळ आवाज त्यात बुडून जातात.

२ फेब्रुवारी
बुडत नाहीत. आता मी खोलीत शिरलो की ॲम्पला कळतं. खुर्ची सरकवली, खोकलो, उसासा टाकला, सगळं तो मोठं करून मला परत देतो. काल मनात म्हणालो, उद्यापासून नक्की. त्यावर तो गप्प राहिला. हे जास्त वाईट.
धून काढून बघितली. पहिला भाग आला. दुसऱ्या भागात ती चढते, वर जाऊन थांबते, आणि मग उतरते. उतरते ती कशी, हे तसं सोपं आहे. म्हणून आज वाजवलं नाही.

५ फेब्रुवारी
अंबूबाई केर काढताना केरसुणी ॲम्पला लागली. आतून कण्हल्यासारखा आवाज आला. तिने विचारलं, कोन हाय ह्यात? मी मायक्रोफोनिक व्हॉल्व्ह समजावला. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, त्यास्नी जेवाय घाला भाऊ, गप बसत्याल.
शिक्षणाचा अभाव. उतरतं कसं ते आजही आठवलं नाही. बोटांवर विश्वास आहे, आयत्या वेळी जातील.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
वर्षश्राद्ध, तळेगावला, रजनीवहिनींकडे. जेवणं झाली, मंडळी सतरंजीवर बसली. ॲम्प गेन नऊवर. चालू केल्याबरोबर सगळं घर त्यातून येऊ लागलं. पोरांचे पाय, भांडी, एका आजोबांची ढेकर. आणि त्याखाली, हं. मी ट्यूनिंग सुरू केलं. ॲम्प हळूहळू रडू लागला, मग किंचाळला, आणि मेन स्विच पडला. पंखे थांबले. कुणीतरी म्हणालं, छान, भारदस्त होतं. मी एकही सूर वाजवलेला नाही हे एकाच्याही लक्षात आलं नाही.
फ्यूज बघायला स्वयंपाकघरातून गेलो. वहिनी पाठमोऱ्या, भांडी विसळत. गुणगुणत होत्या. वर चढल्या, थांबल्या, आणि सहज उतरल्या. मी दारामागे उभा राहिलो.
निघताना दिन्याचा सुदुंबऱ्याचा चुलतभाऊ निवृत्ती गाडीत ॲम्प ठेवायला आला. दहाव्याचा विषय निघाला. म्हणाला, भाऊ, राग मानू नका, पन तवा म्या पानावर कांद्याचं भजं ठिवलं. त्याला लय आवडायचं. म्हून आला कावळा. तुमचं भाषान चालूच हुतं.
म्हणजे कायद्याने मी मोकळा. वहिनींनी डब्यात भजी दिली.

१६ फेब्रुवारी, सकाळ
उठलो तर गिझरचा प्लग काढून ठेवलेला होता. माधवी आंघोळीचं पाणी गॅसवर तापवत होती.
गेन एकवर. घरघर, मग हं. ट्यूनिंग केलं नाही. पहिला भाग, चढण, थांबा, आणि काल दारामागे ऐकलं तसं खाली. एक सूर चुकला. रजनीवहिनींना फोन लावून तो शेजारी ठेवला होता. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग वहिनींनी फोन ठेवला.
अंबूबाईने अंगणातून विचारलं, आज मशीन लावलं न्हाई व्हय?
नाही म्हणालो. डब्यात एक भजं उरलं होतं. ते कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. या वेळी भाषण केलं नाही.